पंधरा पाय

लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानांमागे जी अरुंद गल्ली आहे, तिच्या टोकाला गोरखचं रद्दीचं दुकान. बंगल्यांतली म्हातारी माणसं गेली की त्यांची मुंबईची मुलं दोन दिवसांची रजा काढून येतात, भांडी कुणी न्यायची, कपाट कुणी न्यायचं हे ठरतं, आणि कुणालाच नको असलेली पुस्तकं पोत्यात भरून गोरखकडे येतात. गोरखला पुस्तकांतलं काही कळत नसे आणि तसं तो उघड सांगतही असे. पण ज्या पुस्तकात अक्षरांपेक्षा रेघा जास्त, ते बाजूला काढून यशोधराताईंसाठी ठेवायचं, एवढं त्यानं लक्षात ठेवलं होतं.

"ताई, तुमचं रेघांचं पुस्तक आलंय," तो त्या शनिवारी तिच्या मागून म्हणाला, आणि यशोधराच्या हातातली पिशवी खाली पडली.

"अहो, मीच आहे. दर वेळी काय दचकता? दुकान माझं, आवाज माझा."

"तुम्ही समोरून बोलत जा ना," ती म्हणाली, आणि दोघंही हसली. पण तिनं पिशवी उचलायच्या आधी पुस्तकच मागून घेतलं.

पुस्तक जाडजूड होतं, कापडी बांधणीचं, पुठ्ठ्यावरचं नाव पार पुसून गेलेलं. आत जुन्या रेडिओंतल्या व्हॉल्व्हची आणि पहिल्या पिढीतल्या ट्रान्झिस्टरांची माहिती होती: कोणत्या नंबराला किती पाय, कोणता पाय कशाचा, त्यावर किती वोल्टेज यायला हवं, आणि तो नंबर बाजारात मिळेनासा झाला तर त्याच्या जागी दुसरा कोणता चालेल. पण तिचा जीव अडकला तो समासात. पानापानाच्या कडेला कुणीतरी टोकदार पेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरांत, वर्षानुवर्षं लिहून ठेवलं होतं. 'छापलेला आकडा चूक, प्रत्यक्षात २१०.' 'हा लवकर तापतो.' 'याच्याऐवजी तो बसवला, मे ८१, अजून चालू.' गोरख दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत राहिला आणि ती पावसाच्या पन्हळीखाली उभी राहून ते वाचत राहिली, एक खांदा भिजून गेला तरी तिला कळलं नाही.

हा नाद ज्याला नाही त्याला या पुस्तकांचं मोल सांगून समजत नाही. जुन्या रेडिओवाल्यांचा त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, देहूरोडपासून कर्जतपर्यंतची वीस-बावीस माणसं. त्यातले सगळ्यांत जुने तळेगावचे अतुलकाका. पुस्तकाचे फोटो पाहताच त्यांनी तिला फोनच केला. "छापलेलं सगळं नेटवर मिळतं गं. पेन्सिलीनं लिहिलेलं मिळत नाही. कंपनीनं छापलं ते खरं की खोटं हे एका माणसानं तीस वर्षं टेबलाशी बसून तपासलंय. तो गेला आणि ते रद्दीत आलं. हे कुणाला द्यायचं नाही हं पोरी. उसनंसुद्धा नाही. मी मागितलं तरी नाही."

त्याच दिवशी तिनं ग्रुपवर शेवटच्या कोऱ्या पानाचाही फोटो टाकला होता, कारण ते पान कोरं नव्हतं. त्याच पेन्सिलीनं, त्याच हातानं, तिथं एक आकृती काढली होती. मोठा आयत, त्याच्या आत बारीक रेघांचे चौकोन, आडवे सात आणि उभे नऊ. खालच्या बाजूला एका कोपऱ्याजवळच्या चौकोनाचा कान तिरपा कापून काळा केलेला. आणि आत ठिपके. चार ठिपके एकीकडे लांबट आयतात, चार दुसरीकडे जवळजवळ, त्यांच्यापुढे त्रिकोणात तीन, आणि मग दोन-दोनच्या दोन बारक्या जोड्या. प्रत्येक ठिपक्याशी एक आकडा. तिनं मोजले, पंधरा.

"पंधरा पायांचा कुठला व्हॉल्व्ह?" एकानं विचारलं.

"मिलिटरीचं काही असेल," दुसरा म्हणाला.

"कोपऱ्यातली ती काळी खूण म्हणजे खाच," अतुलकाकांनी लिहिलं. "तिथून पाय मोजायला सुरुवात करायची. पण पाय बसवायचा असा बेस मी जन्मात पाहिलेला नाही." दोन दिवस ग्रुपवर पैजा लागल्या, कुणी कुठकुठले तक्ते शोधून टाकले, आणि मग कुणीतरी तुटक्या रेडिओचा फोटो टाकला आणि सगळे तिकडे वळले.

यशोधराला पुस्तक हवं होतं ते वेगळ्याच कामासाठी. तिचे बाबा भिमाजी देहूरोडच्या डेपोत वायरलेस दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपला घरचा व्हॉल्व्हचा रेडिओ तिला दिला होता, बंद पडलेला. "सुरू करून दाखव," ते म्हणाले होते. रेडिओबरोबर त्यांनी तिला आणखीही एक गोष्ट दिली होती, आणि ती देताना ते जास्त घाबरले होते: मळवलीत एकटीनं राहायची खोली.

त्यामागे तीन वर्षांचं दुखणं होतं, ज्याचं नाव घरात कुणी घेत नसे. पुण्याच्या होस्टेलमध्ये ती एका दुपारी खोलीतून बाहेर यायलाच तयार होईना, कारण विचारलं तर सांगता येईना. बाबा जाऊन घेऊन आले. त्यानंतर परीक्षा झाली, पदवी मिळाली, गोळ्या सुरू झाल्या आणि संपल्या, पण घरातली नजर काही संपली नाही. ती न्हाणीघरात जरा जास्त वेळ राहिली की आई दारावर टकटक करायची. रविवारी तिला वजनाच्या काट्यावर उभं करायची. लोणावळ्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाची नोकरी लागली, तेव्हा ती पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाली, की मी तिकडेच राहणार, एकटी. बाबांनी शकुबाईंच्या घरामागची सुटी खोली अकरा महिन्यांच्या करारानं घेतली आणि बजावलं, "भीती वाटली की मोज, यशू. अंदाज करत बसायचं नाही, मीटर लावायचा. मोजलेली गोष्ट घाबरवत नाही."

तरीही तिनं दोनदा फोन केला होता. एकदा पत्र्यावर माकड नाचलं म्हणून, एकदा शेजारच्या बंगल्यातला पाण्याचा पंप आपोआप सुरू झाला म्हणून. "बीएस्सी इलेक्ट्रॉनिक्स, आणि ऑटोमॅटिक स्विचला घाबरते!" बाबा हसले होते, पण हसून झाल्यावर हळूच म्हणाले होते, "आता अजून एक असा फोन आला, तर मी टेम्पो घेऊनच येतो बघ." ते थट्टेनं म्हणाले नव्हते हे तिला माहीत होतं. टेम्पो आला की खोली गेली, आणि खोली गेली की पुन्हा ती नजर, तो काटा, ती टकटक. त्यानंतर दीड महिना ती दर रविवारी फोनवर एकच वाक्य बोलत आली होती: सगळं ठीक आहे बाबा.

गुरुवार हा वीज जाण्याचा वार. त्या गुरुवारी कॉलेज लवकर सुटलं, ती दुपारी खोलीवर आली आणि खिडकीच्या उजेडात रेडिओची मागची पाटी उघडत असताना एक बारका स्क्रू हातातून निसटून टेबलाखाली गेला. तो शोधायला ती शहाबादी फरशीवर पालथी झाली, गाल जमिनीला टेकवला, आणि तशीच राहिली.

तिथून खोलीत काहीच दिसत नव्हतं, फक्त पाय दिसत होते. डाव्या भिंतीशी खाटेचे चार. खिडकीखाली उजव्या कोपऱ्यात टेबलाचे चार. टेबलापुढे तिच्या स्टुलाचे तीन. बाकीचं सामान, शेगडी, भांडी, कपडे, सगळं कडाप्प्याच्या ओट्यावर नाहीतर भिंतीतल्या फडताळात. जमिनीवर पाय टेकून उभं असलेलं खोलीत एवढंच होतं. अकरा.

स्क्रू सापडला, तो तिनं मुठीत धरला, आणि मूठ तशीच मिटून ती उठली व पुस्तकाचं शेवटचं पान उघडून बसली.

खोलीच्या फरश्या तिनं कधी मोजल्या नव्हत्या. आता मोजल्या. आडव्या सात, उभ्या नऊ. आयताच्या खालच्या रेघेत मधोमध एक फट होती, तिला ती पुसट झालेली रेघ वाटली होती, ते दार. वरच्या रेघेला मधोमध दुहेरी ओढ, ती खिडकी. खाटेचे पाय कोणत्या फरश्यांवर, टेबलाचे कोणत्या, हे ती बोटानं मोजत गेली, आणि प्रत्येक वेळी पानावर बोट तिथंच पडलं. मग स्टुलापुढची बारक्या ठिपक्यांची जोडी. ती कशाची, हे समजायला तिला फार वेळ लागला नाही. स्टुलावर बसलं की आपले पाय जिथं टेकतात, तिथं ती होती.

दुसरी जोडी स्टुलाच्या मागे होती, खोलीच्या मोकळ्या भागात, दाराकडे. मध्ये दोन फरश्या सोडून. या दोघांशी आकडा होता शून्य.

तिनं मागे पाहिलं. फरशी होती, नुसती फरशी.

मोज, ती स्वतःशी म्हणाली, मोठ्यानं म्हणाली, आणि त्यानंतरच तिला ती चूक दिसली. कान कापलेला काळा चौकोन पानावर दाराच्या डावीकडे होता. खोलीतही एक फरशी फुटकी होती, कोपरा उडालेली, सिमेंटनं भरलेली. पण ती दाराच्या उजवीकडे. आत उभं राहून पाहिलं, दारात उभं राहून पाहिलं, उजवीकडेच. म्हणजे ही खोली ती नव्हती. सात गुणिले नऊ फरश्यांच्या खोल्या मावळात शेकड्यानं असतील, आणि एक खाट, एक टेबल, एक स्टूल कुणाकडे नसतं? तिला रडू आलं ते सुटकेचं होतं. बाबांचं खरं होतं. मोजलेली गोष्ट घाबरवत नाही.

पण त्या रविवारी स्टुलावर बसून काम करताना तिची पाठ सारखी आखडत होती. चूक ती चूक, पण खाट आणि टेबल जुळत होतीच ना? योगायोगानंसुद्धा जुळायला नको. म्हणून तिनं शकुबाईंना हाक मारली. खाट लोखंडी होती, एकटीला हलणारी नव्हती.

"बरं चाललं व्हतं की," शकुबाई पदर खोचत म्हणाल्या. "हितली खाट तितं नेऊन काय व्हनार?"

"उजेड बरा पडेल मावशी."

"उजेड खिडकीतनं येतो बाई, खाटंतनं न्हाई."

तरी त्यांनी जोर लावला. खाट उजव्या भिंतीशी गेली, टेबल स्टुलासकट डाव्या कोपऱ्यात. पावसाळ्यात भिंतींना ओल येते म्हणून दोन्ही पूर्वीसारखीच भिंतीपासून एक फरशी लांब ठेवली. विजेचा खटका उजवीकडे राहिला, त्याला लांब वायर जोडावी लागली. आता चित्रातलं काहीच जागेवर नव्हतं. पानावर जे डावीकडे ते खोलीत उजवीकडे, आणि उजवीकडचं डावीकडे. यशोधरानं पान आणि खोली आळीपाळीनं पाहिली आणि तिला हसू आलं.

"मावशी, या खोलीच्या खाली काय आहे?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"खाली काय असनार? निस्ता कातळ हाय. आमचा आकाश धावीला व्हता तवा ही खोली बांधली, पाया घ्यायला सुरुंग लावाय लागला व्हता. का? सापाबिपाचं भ्याव वाटतंय व्हय? मुंगी सुदिक न्हाई यायची खालनं." मग दारातून वळून त्या म्हणाल्या, "लय भित्री हाईस बघ तू. पर हायेस हितंच, पळून न्हाई गेलीस, हे बरं केलंस."

ते शेवटचं वाक्य तिनं पुढचे कितीतरी दिवस जपून ठेवलं. कॉलेजात जाताना, स्टेशनाच्या त्या लहानशा, निवांत रस्त्यानं भाताच्या खाचरांच्या कडेनं चालताना, ते तिला आठवायचं. दोन रविवार गेले. पाठ आखडेनाशी झाली. लोहगडावरून उतरणारं धुकं खिडकीतून आत यायचं आणि टेबलावरच्या वस्तूंवर बारीक दव बसायचं, ते ती फडक्यानं टिपायची, आणि पुस्तकातलं पान समोर ठेवून बाबांच्या रेडिओच्या व्हॉल्व्हचा जळलेला बेस काढून तिथं नवा बसवायचं काम हळूहळू करायची. समासातल्या त्या माणसाचा तिला लळा लागला होता. तो कधी चुकत नसे. छापलेला आकडा खोडून त्यानं जो लिहिला, तोच तिच्या मीटरवर यायचा.

तिसऱ्या रविवारी दुपारी धुकं इतकं दाट होतं की खिडकीतून कुंपणसुद्धा दिसत नव्हतं. बाहेरून आणलेला चिखल फरशीभर झाला होता, म्हणून तिनं बादली घेऊन दारापासून पुसायला सुरुवात केली, मागे मागे सरकत खिडकीपर्यंत आली, फडकं पिळून बादलीवर टाकलं आणि फरशी वाळेपर्यंत कुठं पाय ठेवणार म्हणून स्टुलावर बसली. दाराची कडी तिनं आधीच आतून घातली होती. शहाबादी फरशी ओली झाली की काळी होते. सगळी खोली मागे काळी, चकचकीत पडली होती. तिनं सोल्डरिंगचा शेवटचा डाख दिला, रेडिओ लावला. व्हॉल्व्ह तांबूस पेटले, घरघर आली, पण आवाज नाही. तिनं बंद केला आणि बाबांना फोन लावला.

"जयभीम बाबा."

"जयभीम. बोल, रेडिओ बोलला का?"

"नाही ना. नुसता घरघरतो. सगळं पुस्तकातल्यासारखं जोडलंय. तीनदा तपासलं."

"पाय कसे मोजलेस?"

"खाचेपासून. पण चित्र वरून आहे आणि मी जोडते खालून, म्हणून सगळं उलटं केलं. डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे."

बाबा इतके मोठ्यानं हसले की तिनं फोन कानापासून दूर धरला. पलीकडे आईचा आवाज आला, काय झालं हो.

"अगं येडे! व्हॉल्व्हचं चित्र वरून कधी असतं का? तुमच्या नव्या चिपांचं असतं वरून. या जुन्या पुस्तकांत सगळं खालून काढलेलं असतं. डाख कुठून द्यायचा? खालून. मग बघणार कुठून? आमच्या वेळी काम करणारा खालीच असायचा. चित्र होतं तसंच ठेवायचं होतंस, तू उलटं केलंस आणि तिथंच फसलीस."

पुस्तक समोरच होतं. यशोधरानं शेवटचं पान उघडलं.

खालून. खालून पाहिलं तर दाराच्या डावीकडचं उजवीकडे जातं. तिची नजर त्या काळ्या कान कापलेल्या चौकोनावर गेली आणि तिथून खोलीतल्या फुटक्या फरशीकडे जायची तिला गरज उरली नाही. ती फरशी पहिल्यापासून बरोबर होती. चुकीची होती ती खाट, चुकीचं होतं टेबल, आणि तीन आठवड्यांपूर्वी, शकुबाईंना हाताशी धरून, तिनंच ते चित्रात होतं तिथं नेऊन ठेवलं होतं.

"यशू? आहेस ना?"

"हो." तिचा आवाज तिला दुरून आल्यासारखा वाटला. "बाबा, या पुस्तकात काही पायांशी पेन्सिलीनं शून्य लिहिलंय. दोन पाय आहेत. त्याचा अर्थ काय?"

"शून्य म्हणजे चेसिस, रेडिओचा पत्र्याचा सांगाडा. मीटरची काळी वायर तिथं धरून ठेवायची आणि लाल वायरनं बाकीचे पाय एकेक बघत जायचं. सगळे आकडे तिथूनच घेतलेले असतात. मोजणारा तिथं उभा आहे, असं समज."

मागून आई काहीतरी म्हणाली.

"ही विचारतेय, वजन किती भरलं."

"सत्तेचाळीस," ती म्हणाली. शुक्रवारीच कॉलेजातल्या आरोग्य तपासणीत काट्यावर उभी राहिली होती.

"सत्तेचाळीस म्हणतेय. जरा खात जा गं."

पानावर स्टुलाच्या तीन ठिपक्यांशी तेरा, तेरा, तेरा लिहिलं होतं. पुढच्या बारक्या जोडीशी चार, चार. तिनं ती बेरीज केली नाही. ती आपोआप झाली. इतके दिवस ती त्या आकड्यांना वोल्टेज समजत आली होती. खालून माणूस दिसत नाही. खालून फक्त भार कळतो.

तिची मान हळूहळू मागे वळली. तिला वळायचं नव्हतं.

दाराची कडी तशीच होती. खाट तशीच. काळी ओली फरशी भिंतीपासून भिंतीपर्यंत चमकत होती, धुक्यात तिला वाळायला संध्याकाळ लागली असती. फक्त तिच्या पाठीमागे, मोकळ्या जागेत, दोन ठिकाणी ती वाळलेली होती. दोन करड्या खुणा, शेजारीशेजारी, टाचेशी निमुळत्या आणि पुढे रुंद. रुंद बाजू तिच्याकडे होती.

"बरं ऐक," बाबा म्हणत होते. "शकुबाईंचा फोन आला होता सकाळी. करार पुढं वाढवायचा का विचारत होत्या, पोरगी गुणाची आहे म्हणाल्या. मी म्हटलं, तीच सांगेल. खरं सांगू का यशू, तू महिनाभर टिकशील असं मला वाटलं नव्हतं. तुझी आई तर टेम्पोवाल्याचा नंबर घेऊन बसली होती." त्यांच्या आवाजात काहीतरी ओलं झालं होतं, जे तिनं गेल्या तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. "बरी आहेस ना तू तिथं? काही भीतीबीती वाटत नाही ना?"

तिनं तोंड उघडलं. बाबा, या, असे दोन शब्द होते फक्त. त्यांच्यामागे देहूरोडच्या घरातलं न्हाणीघराचं दार होतं, दारावरची टकटक होती, काटा होता, आणि बाबांच्या आवाजातलं हे आत्ताचं, नवं, पुन्हा कधीही ऐकू न येणारं काहीतरी होतं.

"सगळं ठीक आहे बाबा," दोन महिन्यांची सवय तिच्या तोंडून बोलली. "वाढवा करार."

"शाब्बास. बास, मग मी आजच सांगतो त्यांना. आणि ते पाय नीट जोड. जयभीम."

फोन बंद झाला. तिनं तो टेबलावर ठेवला, आवाज न करता. मग आधी एक आणि नंतर दुसरा, असे दोन्ही पाय जमिनीवरून उचलून स्टुलाच्या आडव्या दांडीवर घेतले आणि गुडघे छातीशी धरून बसली. खिडकीबाहेर काही नव्हतं, नुसतं पांढरं होतं. भीती वाटली की मोज. बराच वेळ ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली, आणि मग खांद्यावरून, डोळे जेमतेम उघडून, स्टूल आणि त्या खुणा यांच्यामधल्या फरश्या तिनं मोजल्या.

चित्रात दोन होत्या. इथं एकच होती.